तीन फुलदांडे आले, ठेवायचे किती?

लग्नाला, नव्या घराला किंवा ईदच्या भेटीला मिठाईच्या डब्याबरोबर ऑर्किडची कुंडी नेण्याची पद्धत आता शहरांत रुजू लागली आहे. दुकानातून येते तेव्हा ते रोप फुलांनी लगडलेले असते. दोन-अडीच महिने फुले टिकतात, मग एकेक करून गळतात आणि उरतात ती चार-पाच जाड पाने व एक सुकी काडी. बऱ्याच घरांत त्यानंतर कुंडी जिन्यात जाते आणि जिन्यातून कचऱ्यात. पण काही घरांत एखादी अम्मी, एखादी दादी ते रोप खिडकीत ठेवून देते, आठवड्याला आठवणीने पाणी घालते. मग थंडीत एक दिवस पानाच्या बगलेतून हिरवा कोंब डोकावतो. आठ दिवसांनी दुसरा. कधी तिसराही.

आनंद होतोच, पण त्यामागोमाग प्रश्नही येतात. एवढे सगळे दांडे रोपाला पेलतील का? एखादा कापून टाकावा का? कापला तर बाकीचे जोमाने वाढतील का? कुंडी कलंडली तर काय? गेल्या काही हिवाळ्यांत नात्यातल्या, शेजारपाजारच्या भगिनींनी हे प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारले, की त्यांची उत्तरे एकत्र लिहून काढावीत असे वाटले. थोडक्यात उत्तर सुरुवातीलाच देतो. किती फुलदांडे ठेवायचे, हे रोपाची पाने आणि मुळे सांगतात. ती कशी वाचायची, एवढेच शिकायचे आहे.

हे रोप येते कुठून?

दुकानात आणि रोपवाटिकेत सर्वांत जास्त मिळणारे घरगुती ऑर्किड म्हणजे फॅलेनॉप्सिस. कार्ल लुडविग ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'पतंगासारखे दिसणारे', म्हणजे रात्री दिव्याभोवती फिरणाऱ्या पाखरासारखे. पांढऱ्या फुलांची माळ वाऱ्यावर हलताना पाहिली की नाव पटते. इंडोनेशियाने यातल्याच एका पांढऱ्या जातीला १९९३ साली आपल्या राष्ट्रीय फुलांत स्थान दिले.

इंडोनेशिया, फिलिपाईन्स या बेटांवरच्या जंगलांत हे रोप मातीत वाढत नाही. झाडाच्या खोडाला, फांदीला मुळांनी धरून ते तिरपे लोंबकळत राहते. त्या झाडाचा रस ते शोषत नाही, फक्त आधार घेते. पाऊस पडला की मुळे भिजतात, वारा सुटला की सुकतात. रोप तिरपे असल्यामुळे पानांच्या मधोमध पाणी साचून राहत नाही. आपल्या खिडकीत हेच रोप सरळ उभे, प्लास्टिकच्या कुंडीत असते. पुढे जी काही काळजी सांगितली आहे, ती सगळी या एका फरकामुळे घ्यावी लागते.

कोंब की मूळ?

आलेला कोंब फुलदांडाच आहे, याची आधी खात्री करावी. ऑर्किडची मुळेही पानांच्या बुडाशीच हवेत फुटतात आणि पहिले आठ-दहा दिवस दोन्ही सारखीच दिसतात. मुळाचे टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असते, आणि मागचा भाग लवकरच चंदेरी-पांढरा होतो. दांड्याचे टोक चपटे असते, तान्ह्या बाळाच्या हातमोज्यासारखे, एका बाजूला अंगठ्याएवढा फुगवटा असलेले. त्याचा रंग मागपर्यंत हिरवा किंवा जांभळट राहतो. मूळ बहुधा खाली किंवा आडवे जाते, दांडा प्रकाशाकडे वळतो. शंका असली तर दोन आठवडे थांबावे. उसाच्या कांड्यासारखी पेरे दिसू लागली की तो दांडाच.

मग मोजणी करावी. वेगवेगळ्या पानांच्या बगलेतून आलेले दांडे वेगळे मोजायचे. एकाच दांड्याला वर दोन फाटे फुटले असतील तर तो दांडा एकच, पण दोन्ही फाट्यांवर कळ्या येणार असतील तर ओझे दोघांचे धरायचे. गेल्या वर्षीचा हिरवा दांडा तसाच ठेवला असेल, तर त्याच्या पेरावरच्या डोळ्यातूनही नवा फाटा निघतो. तोही हिशेबात घ्यावा.

एकाहून जास्त दांडे का येतात?

प्रत्येक पानाच्या बगलेत डोळे झोपलेले असतात. बहुतेक वेळा वरून तिसऱ्या-चौथ्या पानाखालचा डोळा जागा होतो. त्याला जागे करते ती थंडी. तापमान काही आठवडे २५-२६ अंशांच्या खाली राहिले की दांडा सुटतो. सतत २८ अंशांच्या वर राहिले तर रोप पाने वाढवत बसते, फुलांकडे वळत नाही. म्हणून आपल्याकडे दिवाळीनंतर, डिसेंबर-जानेवारीत कोंब दिसू लागतात. कोकणात आणि मुंबईकडे थंडी बेताची, तिथे रात्री उघड्या राहणाऱ्या खिडकीजवळ कुंडी ठेवल्याचा उपयोग होतो. पुणे, नाशिक, नागपूरकडे उलट काळजी घ्यावी लागते. रात्री पारा १५ अंशांच्या खाली जाऊ लागला की गॅलरीतली कुंडी घरात घ्यावी.

पावसाळ्यात पाने चांगली वाढली, उजेड मिळाला आणि मुळे शाबूत राहिली, तर एकाच थंडीत दोन-तीन डोळे जागे होतात. लहान फुलांच्या काही जातींना तर मुळातच जास्त दांडे येतात. अशा वेळी दोन-तीन दांडे म्हणजे वर्षभराच्या देखभालीची पावती समजावी.

पण ही पावती नेहमीच खरी नसते. मुळे कुजलेल्या रोपालाही दांडे येतात, कारण थंडी त्यालाही लागलेली असते आणि जाड पानांत थोडा साठा शिल्लक असतो. असे रोप साठ्यावर फुलते, साठा संपला की पाने पिवळी पडतात आणि फुलांबरोबर रोपही जाते. 'छान फुलले होते हो, मग एकाएकी मेले,' असे आपण म्हणतो. ते एकाएकी झालेले नसते.

हिशेब पानांचा आणि मुळांचा

दांडा निघाल्यापासून पहिले फूल उमलेपर्यंत साधारण तीन ते चार महिने लागतात. त्यानंतर फुले दोन-तीन महिने राहतात. म्हणजे अर्धे वर्ष रोपाला दांडे पोसायचे असतात. म्हणून कोंब बोटभर झाला की एक दिवस वेळ काढून रोप नीट तपासावे.

पाने हाताने चाचपून पाहावीत. निरोगी पान ताठ आणि जाड असते. हिरवा रंग किंचित पोपटीकडे झुकलेला असला तर उजेड पुरेसा आहे. फार गडद हिरवा असेल तर उजेड कमी पडतो आहे. पान मऊ, लुळे, सुरकुतलेले असेल तर मुळे पाणी ओढत नाहीत असे समजावे. मुळे पारदर्शक कुंडीतून बाहेरूनच दिसतात. भिजल्यावर हिरवी आणि सुकल्यावर चंदेरी, बोटाने दाबल्यास टणक, ती जिवंत. तपकिरी, पोकळ, दाबताच साल सुटणारी, ती मेलेली.

यावरून आम्ही एक साधा घरगुती हिशेब धरतो. पाच-सहा किंवा त्याहून जास्त ताठ पाने आणि कुंडीभर जिवंत मुळे असतील, तर दोन काय, तीन दांडेही ठेवावेत. कापण्याचे काही कारण नाही. तीन-चार पाने असतील आणि मुळे बरी असतील, तर एक दांडा बिनधास्त ठेवावा, दुसरा पाने ताठ राहतील तोवर. दोनच पाने असतील, किंवा पाने लुळी आणि अर्धीअधिक मुळे मेलेली असतील, तर जास्तीत जास्त एक दांडा ठेवावा आणि तोही पाने आणखी लुळी पडू लागली तर काढावा.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. एक दांडा कापला म्हणजे दुसऱ्यावरची फुले दुप्पट मोठी होतात, असे नसते. फुलाचा आकार मुख्यतः जातीवर ठरतो. त्यामुळे सुदृढ रोपाचा दांडा 'बाकीच्यांना बळ मिळावे' म्हणून कापू नये. उलट दोन दांडे पुढेमागे आलेले असले तर फायदाच होतो. पहिला फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, दुसरा एप्रिलमध्ये, आणि घरात फुले जास्त दिवस राहतात. कापायचे ते फक्त रोप वाचवण्यासाठी. आणि कापायचेच असेल तर लवकर, कळ्या धरण्याआधी. कळ्या लागल्यावर कापला तर रोपाचा बराचसा खर्च होऊन गेलेला असतो.

एका खालांचे रोप

आमच्या नात्यातल्या एका खालांकडे असे रोप आहे. मुलगी नोकरीसाठी मस्कतला गेली, जाण्याआधी तिने आईला ते आणून दिले होते. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत त्याला तीन दांडे आले. खालांनी फोन करून बोलावले. मुलगी मार्चअखेर सुट्टीवर येणार होती आणि ती येईल तेव्हा तिन्ही दांडे फुललेले असावेत, अशी त्यांची इच्छा होती.

रोप पाहिले. चार पाने, त्यातली खालची दोन लुळी. कुंडीतून अलगद बाहेर काढले तेव्हा मधले वाळलेले शेवाळ ओलेगच्च निघाले. दुकानातून आले तेव्हापासून ते बदललेलेच नव्हते. मुळांतली निम्मी बोटात चुरगळली. मेलेली मुळे कापून, रोप सालीच्या तुकड्यांत लावले. एरवी दांडा आलेला असताना कुंडी बदलू नये, पण मुळे कुजत असतील तर थांबता येत नाही. मग दांड्यांचा विषय निघाला.

"लेकीने दिलेले झाड आहे. त्याला सुरी कशी लावू?" खाला म्हणाल्या.

"खाला, तिन्ही ठेवले तर ती येईल तेव्हा फुले दिसतील. पण पुढच्या खेपेला झाड दिसेल की नाही, सांगता येत नाही," आम्ही म्हणालो.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सर्वांत लहान, बोटभर दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने कापला. बाकीचे दोन राहू द्यावेत, असे म्हणाल्या. आम्हीही आग्रह धरला नाही. फेब्रुवारीत खालचे एक पान पिवळे पडले आणि तिसरेही लुळे पडू लागले. तेव्हा त्यांनी आम्हाला न विचारताच दुसरा दांडा काढला. त्याच्यावर दोन फुले उमललेली होती. तो पाण्याच्या पेल्यात ठेवला, तर ती दोन फुले पंधरा दिवसांहून जास्त टिकली.

मुलगी आली तेव्हा खिडकीत एक दांडा होता, सात फुलांचा. तिने पहिल्यांदा विचारले ते, "हे झाड अजून आहे?" तिच्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्या जणी फुले गळाली की कुंडी टाकून देतात, असे तिने सांगितले. त्या पावसाळ्यात रोपाला दोन नवी पाने आली.

आधार कधी आणि कसा?

जास्त दांडे ठेवायचे ठरले की पुढचा प्रश्न तोलाचा. ऑर्किडची कुंडी हलकी असते आणि वर फुलांचे वजन येते. म्हणून प्लास्टिकची कुंडी एखाद्या जड मातीच्या किंवा चिनी मातीच्या कुंडीत ठेवावी. बाहेरच्या कुंडीत तळाला थोडे दगड घातले तर तोल राहतो आणि निचरलेल्या पाण्यात मुळे बुडत नाहीत.

दांडा वीतभर झाला की आधार द्यावा. त्याआधी तो फार कोवळा असतो, त्याच्यानंतर कडक होतो. प्रत्येक दांड्याला वेगळी काडी हवी. बांबूची बारीक काडी मुळे टाळून, कुंडीच्या कडेने खोचावी. बांधायला लोकरीचा धागा उत्तम. काडी आणि दांडा यांच्यामध्ये आठच्या आकड्यासारखा सैल फास घ्यावा. मुलींच्या केसांच्या छोट्या क्लिपाही चालतात. बांधताना पेराच्या खाली बांधावे, डोळा दाबला जाऊ नये. दांडा एका दिवसात सरळ करण्याची घाई करू नये. चार-पाच दिवसांनी थोडा, पुन्हा थोडा, असा वळवावा. पाणी दिल्यादिवशी दांडा ताठ आणि ठिसूळ असतो, त्या दिवशी त्याला हात लावू नये.

या रोपाची पाने दोन ओळींत समोरासमोर येतात, म्हणून दोन दांडे बहुधा विरुद्ध बाजूंना निघतात. एक खिडकीकडे जातो, दुसरा खोलीकडे. खोलीकडचा दांडा वळून प्रकाशाकडे येऊ पाहतो आणि कधी पानाखाली अडकतो. तसे दिसले तर बोटाने अलगद पानाबाहेर काढावा. कळ्या धरल्यावर मात्र कुंडीची दिशा बदलू नये. कळ्या प्रकाश पाहून तोंड ठरवतात. कुंडी रोज फिरवली तर एक फूल इकडे, एक तिकडे असे होते. दिशा बदलू नये म्हणून कुंडीच्या कडेला खडूने एक खूण करून ठेवावी आणि पाणी दिल्यावर ती खूण पुन्हा खिडकीकडे करावी.

एवढे करूनही एखादा दांडा मोडलाच, तर घाबरू नये. मोडल्या जागेच्या खालच्या पेराच्या थोडे वर स्वच्छ कापावे. रोपात ताकद असेल तर त्या पेरातून नवा फाटा येतो.

पाणी आणि खत

दांडे जास्त म्हणून पाणी रोज द्यावे, असे नाही. मुळे चंदेरी झाली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की द्यायचे. थंडीत ते साधारण आठ-दहा दिवसांनी येते, मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी. पाणी सकाळी द्यावे, भरपूर द्यावे आणि पूर्ण निचरू द्यावे. पानांच्या मधल्या गाभ्यात पाणी साचले तर कापसाने टिपून घ्यावे. तिथे कूज लागली की नवे पान येण्याची जागाच संपते.

पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले. बोअरवेलच्या जड पाण्याने मुळांवर पांढरे क्षार चढतात. आरओच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर देऊच नये, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

खत १९:१९:१९ हे विद्राव्य खत पुरते. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा दहावा भाग, पंधरा दिवसांतून एकदा, मुळे ओली असताना द्यावे. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी. दांडे तीन आहेत म्हणून खत तिप्पट करू नये. मुळे जळतात आणि मग तिन्ही जातात. मुळे आजारी असलेल्या रोपाला नवी मुळे फुटेपर्यंत खत देऊच नये.

दांड्यावर मधासारखे चिकट थेंब दिसले तर लगेच घाबरू नये. निरोगी रोपही असा गोड रस सोडते. ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर मुंग्या येतात. पण कळ्यांच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर ते पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ते एकेक करून पुसून काढावेत. चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहावे.

रमजान, ईद आणि कळ्या

आपला हिजरी महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. रोप मात्र थंडी-उन्हाचा हिशेब धरून चालते. त्यामुळे ईदच्याच दिवशी फुलावे, असा हट्ट त्याच्याकडे करता येत नाही. पण २०२६ साली रमजान ईद मार्चमध्ये आली, म्हणजे नेमकी फुलांच्या हंगामात. पुढची दोन-तीन वर्षेही ती त्याच्या आसपासच असेल. या दिवसांतच घराघरांत कळ्या गळतात, आणि त्याची कारणे आपल्या घरातच असतात.

पहिले कारण फळे. केळी, पपई, सफरचंद, खरबूज ही फळे पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याचा वास आपल्याला जाणवत नाही, पण ऑर्किडच्या कळ्या त्याने पिवळ्या पडून गळतात आणि उमललेली फुले मिटतात. इफ्तारसाठी आणलेली फळांची टोपली आणि ऑर्किड एका टेबलावर ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये घरात आंब्याची आढी लावली असेल तर कुंडी दुसऱ्या खोलीत न्यावी. उशिरा आलेला दुसरा दांडा अनेकदा या आंब्यांमुळेच जातो.

दुसरे कारण धूर. लोबान, अगरबत्ती, डासांची कॉइल यांच्या धुराचाही कळ्यांना त्रास होतो. तिसरे कारण ईदची साफसफाई. भिंतींना रंग, झुरळांसाठी फवारणी, सामान हलवताना कुंडी कधी गच्चीत तर कधी जिन्यात. कळ्या असलेल्या रोपाला एवढे बदल एकदम सोसत नाहीत. रंगकाम असेल तर कळ्या धरण्याआधी किंवा फुले सरल्यावर करावे. ते शक्य नसेल तर कुंडी शेजारणीकडे, तशाच उजेडाच्या खिडकीत ठेवायला द्यावी. पंख्याचा किंवा एसीचा झोत सरळ कळ्यांवर येऊ देऊ नये.

तीन दांड्यांवरच्या वीस-पंचवीस कळ्यांपैकी टोकाच्या दोन-चार गळल्या, तर ते विशेष नाही. सगळ्या दांड्यांच्या कळ्या एकदम पिवळ्या पडल्या तर कारण हवेत किंवा मुळांत शोधावे.

फुले सरल्यावर

फुले गळल्यानंतर पुन्हा तोच हिशेब करायचा. दांडा तपकिरी होऊन सुकला असेल तर बुडापासून दोन सेंटिमीटर ठेवून कापावा. हिरवा असेल आणि रोप दणकट असेल, तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या वर कापावा. दोन-तीन महिन्यांत तिथून फाटा येऊन पुन्हा थोडी फुले येतात. पण तीन दांडे फुलून गेलेल्या रोपाकडून आणखी मागू नये. तिन्ही बुडाशी कापावेत. फार तर एक हिरवा ठेवावा.

कात्री गॅसच्या ज्योतीवर तापवून, थंड करून वापरावी. एका रोपाचा रोग दुसऱ्याला कात्रीनेच जातो. कापलेल्या तोंडावर चिमूटभर दालचिनीची पूड लावली तर जखम कोरडी राहते. ती मुळांवर सांडू देऊ नये, मुळे सुकतात.

कधी ठेवलेल्या हिरव्या दांड्याच्या पेरातून फुलांऐवजी पानेच येतात. उन्हाळ्याच्या उष्म्यात असे जास्त होते. ते त्या रोपाचे पिल्लू असते. त्याला बोटभर लांबीची दोन-तीन मुळे फुटेपर्यंत आईजवळच राहू द्यावे, मग कापून वेगळे लावावे. बहिणीला, सुनेला द्यायला यापेक्षा चांगली भेट कोणती?

जुनी साल भुसभुशीत झाली असेल तर कुंडी बदलायची वेळ हीच. सालीचे तुकडे, थोडा कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे एवढे पुरते. माती अजिबात घालू नये.

सगळ्या ऑर्किडना हाच नियम लावू नये

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात आणि आमरीचे प्रकार अनेक. उसासारख्या उभ्या कांड्यांचे डेंड्रोबियम घरी असेल तर त्याच्या पान झडलेल्या जुन्या कांड्या कापू नयेत. त्यांत साठा असतो आणि पुढच्या हंगामात त्यांच्या टोकांवरूनही दांडे येतात. तिथे दांडे कमी करण्याचा प्रश्न सहसा येत नाही.

आपल्या सह्याद्रीत झाडांवर वाढणारी सीतेची वेणी हीसुद्धा आमरीच. आसामने तिला राज्याचे फूल मानले आहे आणि तिकडे बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात. उन्हाळ्याच्या अखेरीस तिच्या गुलाबी-पांढऱ्या वेण्या एकाच रोपाला तीन-चारसुद्धा लोंबतात. त्या खाली लोंबण्यासाठीच असतात, त्यांना काडी बांधून उभे करू नये. आणि हौस म्हणून ती जंगलातून ओरबाडून आणू नये. झाडावरून सोलून काढलेली मुळे घरात सहसा पुन्हा धरत नाहीत. रोपवाटिकेत वाढवलेले रोप घ्यावे.

जून ते सप्टेंबर हे चार महिने फॅलेनॉप्सिसच्या पानांचे. या काळात पूर्वेची खिडकी, पंधरा दिवसांनी हलके खत आणि खेळती हवा एवढे त्याला द्यावे. गाभ्यातून नवे पान वर येईल. ते पूर्ण वाढले की शेजारच्या, गेल्या वर्षीच्या पानाला लावून पाहावे. नवे पान जुन्याएवढे किंवा मोठे असेल, तर येत्या थंडीत दोन दांडे आले तरी निश्चिंत ठेवावेत. लहान असेल, तर कितीही कोंब फुटले तरी एकच ठेवावा आणि उरलेले बोटभर असतानाच काढावेत.